ओल्या रस्त्यावर ऐंशी

मंगळवार, १२ जुलै १९९४

महिपतच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलंय. दुपारी डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून आम्हा दोघांना दाखवला आणि सहा आठवडे हात गळ्यात अडकवून ठेवायला सांगितलं. डोक्याला मार नाही. हे मी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं.

काल काय झालं ते आमच्या टायर कंपनीच्या कागदावर लिहून दिलंय. तिथे चार ओळींची जागा होती. इथे नीट लिहितो.

मिठागराच्या कडेने खाडीकडे जाणारा आमचा चाचणीचा रस्ता सरळ आहे, पाऊण किलोमीटरचा. त्यातल्या शंभरेक मीटरवर टँकर पाणी सोडतो. रुपयाचं नाणं रस्त्यावर आडवं ठेवायचं, ते बुडालं की पाणी पुरे. लोक विचारतात, भर पावसाळ्यात टँकर कशाला? तर पाऊस मापात पडत नाही, आणि दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचे तर पाणी सारखंच लागतं. घरी बायकोला, प्रभावतीला, हे सात वर्षांत पटलेलं नाही. आमच्या बिल्डिंगला एक दिवसाआड पाणी येतं. विहिरीचं मचूळ पाणी असतं गं, असं मी सांगतो. ती म्हणते, भांडी तरी निघाली असती.

गाडी पाण्यात शिरली की मी काट्यावर नजर ठेवतो, वेग मोठ्याने म्हणतो आणि ब्रेक पूर्ण दाबतो. महिपत पट्टा बांधून डाव्या खिडकीतून अर्धा बाहेर वाकलेला असतो. माझा शब्द कानावर पडला की तो हातातला ओल्या गेरूचा गोळा खाली सोडतो. चुना पाण्यात लगेच विरतो, गेरू पाचेक मिनिटं टिकतो. गेरूपासून गाडी थांबली तिथपर्यंत टेप धरायची, की झाला आकडा. त्याचं तोंड बाहेर असतं, म्हणजे काटा माझ्याशिवाय कोणी बघत नाही. वेग मी म्हणेन तो.

काल नव्या टायरचे पन्नास, साठ, सत्तरचे फेरे नीट झाले. ऐंशीच्या फेऱ्याला मी ब्रेक दाबला आणि खाली काही नव्हतंच. स्टेअरिंग रिकामं. मिठागर, टँकर, रस्ता, परत मिठागर. गाडी डावीकडून उतरली आणि दारापर्यंत चिखलात बसली. समोरची काच आतून लाल झाली होती. मला वाटलं महिपतचं रक्त. गेरू होता. गोळा त्याच्या हातात राहून गेला होता.

मला काही झालेलं नाही. सकाळपासून सगळ्यांना हेच सांगतोय.

कागदावर 'कारण' असा रकाना होता. मी लिहिलं, पाणी जास्त झालं होतं.

गुरुवार, १४ जुलै

गाडी धुऊन, अलाइनमेंट करून परत आली. आज खराब रस्त्याचा फेरा होता. गोडदेवच्या मागचे खड्डे, मग हायवेने मनोरपर्यंत जाऊन परत. आवाज दहापैकी आठ, आराम आठ, वळणावर नऊ. कोरड्या रस्त्यावर हे टायर छान आहे. असं टायर मी आजवर चालवलेलं नाही. मांडीला कळतं ते यंत्राला कळत नाही, असं मोठे साहेब म्हणतात आणि माझे गुण जसेच्या तसे वर पाठवतात.

निशा मॅडमनी विचारलं, "साळवे, सोमवारी नाणं कोणी ठेवलं होतं?"

"महिपतने."

"मग पाणी जास्त कसं झालं?"

मी म्हटलं, टँकरवाल्याने नंतर पुन्हा सोडलं असेल. मॅडम इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करून आठ महिन्यांपूर्वी चाचण्यांचे आकडे बघायला आल्यात. त्यांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

सोमवार, १८ जुलै

ओल्या रस्त्याचे फेरे परत सुरू. महिपतच्या जागी मॅडम स्वतः बसल्या. ओढणी कमरेला बांधली आणि गेरूचा गोळा असा धरला, जसा काही तो फुटणार आहे. मी म्हटलं, माझा शब्द ऐकलात की सोडायचा, विचार करायचा नाही.

साठला एकतीस मीटर. सत्तरला त्रेचाळीस. मग ऐंशी.

गाडी वळवून सुरुवातीच्या खुणेपाशी आणली. मॅडमनी विचारलं, निघायचं का? मी म्हटलं, इंजिन जरा निवू दे. इंजिन गरम नव्हतं. नंतर निघालो, पाण्यात शिरलो, ऐंशी म्हटलं, दाबला. गाडी नाकासमोर सरळ थांबली. सेहेचाळीस मीटर.

मला हसूच आलं. एवढा घाबरलो होतो. म्हणजे त्या दिवशी खरंच पाणी जास्त असणार. कागदावर लिहिलं ते खोटं नव्हतं.

मॅडमनी टेप पुन्हा धरायला लावली. परत सेहेचाळीस. म्हणाल्या, "सत्तरवरून ऐंशीला फक्त तीन मीटर वाढले?"

"टायर चांगलं आहे, मॅडम."

काटा बघितला होता का, ते आता लिहिताना आठवत नाही. पण मला आवाजावरूनच वेग कळतो. इतक्या वर्षांची सवय आहे.

बुधवार, २० जुलै

समाधान संध्याकाळी टायर मोजून घ्यायला व्हॅन घेऊन आला. समाधान आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, जालन्याकडचा. नवघरची आठ मुलं रोज हायवेने दहिसरच्या शाळेत नेतो. त्यात आमची मानसी, मागच्या बाकावर. दुपारी तोच विमानतळाची भाडी मारतो. कंपनी नवी टायरं चार-सहा गाड्यांना वापरून बघायला फुकट देते, बदल्यात महिन्याला खाचांची खोली मोजू द्यायची. या वेळच्या यादीत त्याचं नाव मीच घातलं. ह्या व्हॅनला आणि आमच्या छोट्या गाडीला एकाच मापाचं टायर बसतं. एप्रिलमध्ये बसवली तेव्हा त्याच्या आईने मला पेढा दिला होता.

"जय भीम, दादा. तुमची टायरं म्हणजे लोणी आहेत लोणी."

मी खाली बसून खाचा मोजल्या. तीन महिन्यांत निम्म्या झाल्यात. हा किती पळवतो?

"पळवायला लागतंय दादा. शाळेची घंटा आपल्यासाठी थांबती का?" मग स्वतःच म्हणाला, "एक गोष्ट मात्र मानली. हायवेला पाणी साचलेलं असलं ना, की स्टेअरिंग एकदम हलकं होतं. पहिल्या टायरांना असं नव्हतं. हात दुखतच नाहीत. पॉवर स्टेअरिंगच म्हणा."

मी खोली वहीत लिहिली. हात पुसले. त्याला म्हटलं, पाण्यात जरा हळू चालव. तो म्हणाला, हळूच चालवतो, साठ-पासष्ट.

पाण्यात स्टेअरिंग हलकं होतं म्हणजे चाक रस्त्याला लागलेलं नसतं. खाचांतून पाणी बाहेर पडत नाही आणि टायर पाण्यावर चढतं. हे मी कितीतरी नव्या पोरांना शिकवलंय. समाधानला नाही सांगितलं. सेहेचाळीस मीटरचा आकडा माझाच आहे.

शनिवार, २३ जुलै

प्रभावतीबरोबर रिक्षाने स्टेशनला गेलो. बाजारात उतरल्यावर ती म्हणाली, "अहो, रिक्षात ब्रेक तुमच्या पायाशी नसतो."

मी म्हटलं, कसला ब्रेक?

"सगळ्या रस्ताभर उजवा पाय दाबून बसला होतात. आणि परवा टीव्ही बघतानापण. बंद असलेला टीव्ही."

मंगळवार, २६ जुलै

वरून निरोप आला. ऐंशीचे दहा साफ फेरे द्या, अहवाल शुक्रवारी जाणार. तो गेला की टायर बाजारात येईल आणि पुढचे ट्रायलचे सेटही निघतील. पंचवीस गाड्या, त्यात बऱ्याच शाळेच्या.

आज आठ केले. पंचेचाळीस, सेहेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस. एकदाही गाडी हलली नाही. सहाव्या फेऱ्यानंतर पाहतो तर महिपत रस्त्याच्या कडेला उभा, हात गळ्यात, दुसऱ्या हातात चहाचा ग्लास. गोडदेवहून चालत आला होता. घरी बसून म्हातारीचं ऐकून घ्यायचा कंटाळा आला म्हणे.

आठव्या फेऱ्याला मॅडम टेपचं पलीकडचं टोक धरायला गेल्या तेव्हा महिपत गेरूपाशी वाकला. मी जवळ गेलो. पाण्याखाली लाल ओघळ पसरायला लागला होता.

"जीवन, यो ऐंशीचा न्हाय."

"काय नाही?"

"गोला परतो ना, तो घसरत जातो. साठला एवरा." त्याने चांगल्या हाताने कोपरापर्यंत दाखवलं. "सत्तरला एवरा. ऐंशीला म्हंजे मानूस हात पसरून झोपला तवरा पट्टा परतो. सात वरसां मी खिरकीतून तेच बघतंय, दुसरा काय बघायला हाय तिथं? यो सत्तरचा हाय. फार तर बहात्तर."

मी म्हटलं, मॅडम गोळा वेगळा सोडतात, तुझ्यासारखा हात नाही त्यांचा.

"तसा असंल."

चहा संपवून त्याने ग्लास शर्टाच्या खिशात घातला. मॅडम लांबून आकडा ओरडल्या, सेहेचाळीस. तो त्यांच्याकडे बघत हळू म्हणाला, "मी काय बोलनार न्हाय. माजा तर खांदाच गेला, तो भरून येल. तुजी पोरगी त्या गारीत बसते."

उरलेले दोन फेरे मी पाऊस आला म्हणून पुढे ढकलले. पाऊस होता, पण तेवढा नव्हता.

बुधवार, २७ जुलै

सकाळी कोणी यायच्या आत एकटाच गाडी घेऊन त्या रस्त्यावर गेलो. टँकर नाही, मॅडम नाहीत. रात्रीच्या पावसाची जी काय ओल होती तेवढीच. ठरवलं की आज आवाज नाही, फक्त काट्याकडे बघायचं.

पहिल्यांदा खुणेवर पोचलो तेव्हा माझ्या तोंडातून ऐंशी बाहेर पडलं आणि काटा त्र्याहत्तरवर होता. दुसऱ्यांदा बहात्तर. तिसऱ्यांदा मी पाय ॲक्सिलरेटरवर दाबून धरला, मनात घट्ट ठरवून. सत्तरच्या पुढे काटा सरकला आणि पाय उचलला गेला. मी नाही उचलला. तो उचलला गेला. गाडी रस्त्यातच उभी करून मी दार उघडून बसलो, मिठागराकडे पाठ करून.

म्हणजे अठरा तारखेपासूनचे सगळे ऐंशी खोटे आहेत. मी जाणून खोटं म्हटलं नाही, असं लिहायला घेतलं होतं. पण समाधानने स्टेअरिंगचं सांगितलं तेव्हा मला कळलं होतं. त्यानंतर आठ वेळा म्हटलं.

अकरा तारखेला पाणी जास्त नव्हतं.

संध्याकाळी समाधानला गाठलं. म्हटलं, ती टायरं काढ, जुनी चढव.

"का हो दादा?"

"पाण्यात बरी नाहीत."

"तुम्हीच तर बसवली. परवाच मोजली, तेव्हा नाही काही बोललात." तो हसत होता. "कंपनीला परत पाहिजेत का? दुसऱ्या कोणाला द्यायचीत? सरळ सांगा ना, आपण काय परके आहोत का."

"तसं नाही. खरंच सांगतोय."

"मग कागद दाखवा. तुमच्या कंपनीचा कागद दाखवा, बरी नाहीत असं लिहिलेला. आत्ता काढतो."

कागदावर सेहेचाळीस मीटर लिहिलंय. खाली माझी सही.

घरी येऊन प्रभावतीला म्हटलं, उद्या मानसीला शाळेत पाठवू नको, तिला ताप आहे. तिने मानसीच्या कपाळाला हात लावला, मग माझ्या. मानसी म्हणाली, मला नाहीये ताप, उद्या माझी चित्रकला आहे. तिला बाहेर खेळायला पाठवलं आणि मी प्रभावतीला सगळं सांगितलं. गेरूपासून.

ऐकताना ती तांदूळ निवडत होती. मग म्हणाली, "मानसीला नाही पाठवत. बाकीच्या सात जणींनी विचारलं, हिला का नाही पाठवलं, तर त्यांना काय सांगू?"

"सात जणी कोण?"

"मुलांच्या आया."

तांदळाचं ताट बाजूला सारून ती म्हणाली, "मॅडमना सांगा. नोकरी गेली तर जाईल. आधी सांगा."

गुरुवार, २८ जुलै

सकाळी सातला बिल्डिंगच्या दारात उभा राहिलो. व्हॅन आली, सात मुलं बसली. समाधानला म्हटलं, आजचा दिवस काशीमिऱ्याच्या पुढे हायवेला चाळीसच्या वर जाऊ नको, माझ्यासाठी. तो म्हणाला, पोरीची शाळा बुडवली आणि वर बापच घाबरलाय. पण मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने नुसती मान हलवली. व्हॅन वळेपर्यंत थांबलो. रस्त्यावर पाणी होतं.

मॅडम आल्याबरोबर केबिनमध्ये गेलो आणि उभ्यानेच सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी खण उघडून एक आलेखाचा कागद पुढे सरकवला. त्यात पन्नास, साठ, सत्तरचे ठिपके एका सुरेख वाकत जाणाऱ्या रेषेत होते, आणि ऐंशीचे सगळे ठिपके त्या रेषेच्या खूप खाली, एका ठिकाणी गोळा झालेले.

"हा मी अठरा तारखेलाच काढायला घेतला. मला वाटलं माझी टेप चुकतेय. दुसरी टेप आणली. मग वाटलं टायरच असं असेल." कागद सरळ करत त्या म्हणाल्या, "तुमच्यावर शंका घ्यायचं सुचलंच नाही, साळवे. इथे सगळे म्हणतात, साळव्यांचा शब्द म्हणजे काटा."

ते ऐकणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

मी म्हटलं, अहवाल थांबवा. त्या म्हणाल्या, थांबवते, पण नुसता थांबवला तर वरचे विचारतील, एकदा गाडी घसरली आणि नऊ वेळा नाही, मग थांबवायचं कशासाठी? ड्रायव्हर घाबरला म्हणून? त्यांना आकडा लागेल. मग त्यांनी विचारलं, व्हॅनच्या टायरच्या खाचा किती उरल्यात. मी सांगितलं, निम्म्या.

त्यांनी आलेखावरच्या साठवर पेन टेकवलं. मलाही माहीत होतं. नवं टायर ऐंशीला पाण्यावर चढतं, तर हे साठ-पासष्टलाच चढायला लागेल. समाधान त्याच वेगाने जातो.

त्यांनी तिथेच कंपनीच्या कागदावर चिठ्ठी लिहिली. ट्रायल सेट तपासणीसाठी परत हवा आहे, तोपर्यंत गाडीला गोदामातली जुन्या नक्षीची चार टायरं द्यावीत. दुपारी समाधान मुलांना सोडून आला, तेव्हा मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्याने दोनदा वाचली. "असं सांगायचं ना मग, दादा. उगाच पोरीला घरी बसवलं." जॅक लावताना मी त्याच्या शेजारी बसून होतो. चारही उतरेपर्यंत उठलो नाही. मानसी उद्या शाळेत जाईल. चित्रकलेचं मात्र तिने मला ऐकवलंच.

ती चार टायरं आता आमच्या गाडीला चढवली आहेत. उद्याचे फेरे त्यांच्यावर आणि नव्या सेटवर, दोन्हींवर होतील. हे मीच सुचवलं. सुचवताना आवाज ठीक होता, नंतर मुतारीत जाऊन नळ धरून उभा राहिलो.

मॅडम म्हणाल्या, मनोरच्या फेऱ्यांवरचा दुसरा ड्रायव्हर आहे, त्याला बोलावू का. त्याने ओल्या रस्त्यावर कधी ब्रेक मारलेला नाही. गाडी फिरली तर तो स्टेअरिंगशी भांडेल. मी नाही म्हटलं. त्या शेजारी बसणार होत्या, त्यालाही नाही म्हटलं. डाव्या सीटवर त्यांच्या वजनाएवढी वाळूची पोती बांधली आहेत. पाण्याच्या अलीकडे शंभर मीटर अंतराने दोन खांब रोवलेत. एकापासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ महिपत घड्याळावर घेईल. त्याचा उजवा हात चालतो. आणि ब्रेक लागला की मागचा दिवा पेटेल, तिथे मॅडम खूण करतील. वेग कोणी तोंडाने सांगायचा नाही. मी पाय उचलला तर घड्याळात दिसेल, फेरा बाद होईल आणि परत करावा लागेल.

महिपतला विचारलं, मिठागरात पाणी किती आहे. तो म्हणाला, "कमरंएवरा. वाईच चिखल हाय खाली, मऊ. मी जाऊन आलोय ना." मग बोलला, "पट्टा बांध. आन् काच वर घे."

प्रभावतीला सांगितलंय की उद्या साठचेच फेरे आहेत. तिने विश्वास ठेवला असं वाटत नाही. माझ्या शर्टाची बटणं तपासत होती.

सातला टँकर येईल. साडेसातला साठ, मग सत्तर. सत्तरला ही झिजलेली टायरं बहुतेक सुटतील, आणि तेवढ्यावरच आकडा मिळाला तर मॅडम थांबवतील. नाही मिळाला तर नवा सेट चढवून ऐंशी. गाडी फिरणार. कुठल्या बाजूला, ते आधी कळत नाही. पाऊस नसेल तर नऊपर्यंत सगळं होऊन जाईल आणि दुपारी अहवाल जाईल.